गोवराची साथ आणि गणतीची वही

2022 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते तोच, मुंबईच्या गोवंडी भागातील एका वस्तीत 48 तासांच्या आत तीन लहान मुले दगावली, आणि गोवराची साथ आली आहे हे शहरास कळले. हे वाक्य आम्ही विचारपूर्वक असे लिहिले आहे. साथ प्रथम कळावी, तिचा बंदोबस्त व्हावा आणि मुले वाचावीत, हा सुव्यवस्थित राज्यातील क्रम होय. येथे मुले आधी गेली आणि वर्तमान मागाहून आले. पुढे जे झाले ते वाचकांच्या स्मरणात असेल. पालिकेची माणसे घरोघर फिरली. ताप व पुरळ असलेल्या मुलांच्या याद्या झाल्या. मध्यवर्ती सरकारने वैद्यांचे पथक धाडले. 9 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलांस लसीची जादा मात्रा देण्याचे ठरले, आणि जेथे अगदी तान्ह्या मुलांसच रोग अधिक होऊ लागला तेथे 6 महिन्यांच्या अर्भकांसही लस टोचावी असे ठरले. भिवंडी व मालेगाव येथूनही तशीच दुःखद वार्ता आली. हा सर्व खटाटोप अवश्य होता, व तो करण्यासाठी अरुंद गल्ल्यांतून, उघड्या गटारांवरून, शिड्या चढून पोटमाळ्यापर्यंत गेलेल्या परिचारिका व आशा सेविका यांचे श्रम कोणीही विसरू नयेत. परंतु साथ ओसरल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा होता तो कोणी फारसा विचारला नाही. ज्या मुलांस लस टोचलेली नाही अशी इतकी मुले एका भागात राहत आहेत, हे साथ येण्यापूर्वी कोणाच्या वहीत लिहिलेले होते काय? लिहिलेले असेल तर त्यावर कोणी काय केले? आणि लिहिलेले नसेल तर मग दर महिन्यास वर जाणारे ते टक्केवारीचे तक्ते कशाचे होते?

आमच्याकडे गोवर हा रोग समजला जात नाही, ही पहिली अडचण. 'मुलाला गोवर आला' असे आई ज्या सुरात सांगते त्या सुरात दात येण्याचीही बातमी सांगितली जाते. तो येतो, अंगावर उमटतो, जातो. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवावा, घरात फोडणी देऊ नये, पाहुण्यास उंबऱ्याबाहेर थांबवावे, म्हणजे झाले, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाहुण्यास बाहेर थांबविण्यात शहाणपण आहे हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या आज्यांना संसर्गाचे शास्त्र ठाऊक नसले तरी त्याचा अनुभव होता. पण गोवर हा संसर्गजन्य रोगांतील बहुधा सर्वांत झपाट्याने पसरणारा रोग आहे. ज्यांस संरक्षण नाही अशांच्या वस्तीत एक रोगी सरासरीने 12 ते 18 जणांस तो देतो. पुरळ उठण्यापूर्वी 4 दिवस व नंतर 4 दिवस तो पसरत असतो, म्हणजे घरच्यांस रोग ओळखू येतो तेव्हा शेजारच्या मुलांस तो पोचलेलाही असतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी पुढे दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू राहू शकतो. दहा फूट लांबीच्या खोलीत सात माणसे निजतात तेथे याचा अर्थ काय होतो, तो निराळा सांगण्याची जरुरी नाही. पुष्कळ मुले पुरळाने मरत नाहीत. ती त्यापाठोपाठ येणाऱ्या फुप्फुसाच्या दाहाने, हगवणीने व क्वचित मेंदूच्या विकाराने मरतात. शिवाय पूर्वी इतर रोगांविरुद्ध कमावलेली शक्तीही गोवर पुष्कळ अंशी पुसून टाकतो, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. कुपोषित मुलास तर तो काळच होय. म्हणूनच गोवर झालेल्या मुलास लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी, हा साधा व स्वस्त उपाय वैद्यशास्त्राने सांगून ठेवला आहे. पण ती मात्रा देण्यासाठी मूल प्रथम कोणाच्या तरी नजरेस पडावे लागते.

आता थोडे गणित. वाचकांनी कंटाळू नये. हे गणित अपूर्णांकाच्या पलीकडे जात नाही. गोवर इतका पसरतो की त्याची साखळी तुटावयास शंभरातील सुमारे 95 मुलांस लसीच्या दोन मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात: पहिली 9 महिने पुरे झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. समजा, एका वस्तीच्या नोंदवहीत 100 मुले आहेत आणि त्यांपैकी 95 जणांस लस टोचली आहे. तक्त्यात 95 टक्के असे लिहिले जाते व वरिष्ठ संतोष पावतात. परंतु त्या वस्तीत प्रत्यक्षात 130 मुले राहत असतील, 30 मुले वहीत चढलीच नसतील, तर खरे प्रमाण 73 टक्के होते. 95 हा आकडा खोटा नाही. त्याच्या खालचा 100 खोटा आहे. टक्केवारी सांगताना अंशाचा डांगोरा पिटावयाचा आणि छेद कोठून आणला हे सांगावयाचे नाही, ही आमच्या आरोग्यखात्याच्या गणितातील जुनी खोड आहे. सरकारी तक्त्यांत कधी कधी शंभराच्याही पुढे गेलेली टक्केवारी ज्यांनी पाहिली आहे त्यांस आम्ही काय म्हणतो ते कळेल. जेथे शंभरांतील एकशे चार मुलांस लस मिळते, तेथे जन्माला न आलेल्या चार मुलांस ती मिळाली असे मानण्यापेक्षा शंभर हा आकडाच चुकला असे मानणे शहाणपणाचे.

हा छेद येतो तरी कोठून? पुष्कळ ठिकाणी तो मोजलेला नसून अंदाजलेला असतो. मागील शिरगणतीची लोकसंख्या घ्यावयाची, तीत वाढीचा दर मिळवावयाचा, जन्मदराने गुणावयाचे आणि इतकी बालके असावीत असे ठरवावयाचे. मागील शिरगणती 2011 सालची. 2021 साली व्हावयाची ती झाली नाही, लांबत लांबत 2027 वर गेली. या काळात ज्या वस्त्या दुप्पट झाल्या, ज्या उठविल्या गेल्या, ज्या खाडीकाठी नव्याने उभ्या राहिल्या, त्यांतील मुलांची संख्या कागदावर गुणाकाराने काढणे म्हणजे आंधळ्याने दिवा धरणे होय. घरोघर जाऊन चौकशी करणारी जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्यात 2015-16 साली महाराष्ट्रातील 12 ते 23 महिने वयाच्या मुलांपैकी 56.2 टक्के मुलांस सर्व मूळ लसी मिळालेल्या आढळल्या. 2019 ते 2021 च्या पाहणीत हे प्रमाण 73.5 टक्क्यांवर आले. ही प्रगती आहे, आणि ती आम्ही आनंदाने मान्य करतो. पण त्याच पाहणीत सबंध हिंदुस्थानची सरासरी 76.4 टक्के होती, म्हणजे महाराष्ट्र सरासरीच्याही मागे. आपल्या प्रांताच्या पुढारलेपणाविषयी व्यासपीठांवरून जे बोलले जाते त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. शिवाय जिल्ह्याची सरासरी 90 आली तरी तिच्या पोटात एखादा प्रभाग 60 चा असू शकतो, आणि रोग सरासरीच्या घरी जात नाही. तो त्या साठाच्या घरी जातो.

वहीबाहेर राहणारी ही मुले कोण? ती कोणी दऱ्याखोऱ्यांत लपलेली नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत घ्या. मूल माहेरच्या गावी जन्मास येते. पहिल्या मात्रा तेथल्या उपकेंद्रात होतात. तीनचार महिन्यांनी आई मुलास घेऊन सासरी मुंबईस अगर पुण्यास येते. माहेरच्या परिचारिकेच्या वहीत ते 'स्थलांतरित' म्हणून निघते; सासरच्या आशेच्या वहीत ते चढतेच असे नाही, कारण ती भाड्याची खोली, आणि आठ महिन्यांनी मालक बदलतो. दोन वह्यांच्या मधल्या फटीत ते मूल 9 महिन्यांचे होते. बीडकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या जुंपून कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात; मूल पाचटाच्या कोपीत वाढते, आणि गावातील अंगणवाडीच्या वहीत ते गैरहजर असते. पालघर, नंदुरबारकडील आदिवासी वीटभट्ट्यांवर जातात त्यांचे तेच. उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या जरीकामगाराचे, भंगार वेचणाऱ्याचे मूल कोणत्या प्रांताचे, यावर दोन प्रांतांची खाती हात झटकू शकतात. गोवर तशी चौकशी करीत नाही. जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यावी असा 1969 चा कायदा सांगतो. परंतु जन्माची नोंद करणारे कार्यालय निराळे आणि लस टोचणारे निराळे, व दोघांच्या वह्या एकमेकींस क्वचितच भेटतात. संगणकावर सर्व नोंदी एकत्र आणण्याचा प्रयत्न अलीकडे सरकारने चालविला आहे, तो स्तुत्य आहे. पण ज्या मुलाची नोंद दारावर झाली नाही ते संगणकातही असावयाचे नाही.

गणतीवाचून केवळ मात्रांचा ढीग वाढवून काय होते, हे या देशाने पूर्वी एकदा भरपूर पाहिले आहे. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईतच, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. 1877 साली मुंबई शहराकरिता लस सक्तीची करणारा कायदाही झाला. तरीही देवी गेली नाही. स्वराज्य आल्यावर 1962 साली देशातील निदान 80 टक्के लोकांस लस टोचण्याचा संकल्प झाला व टोचलेल्या मात्रांचे आकडे कोटींच्या घरात गेले. पण त्यांतील पुष्कळ मात्रा शाळेत रांगेने सहज सापडणाऱ्या त्याच त्या मुलांस पुन्हा पुन्हा मिळाल्या होत्या. ज्यांस गाठणे कठीण ते तसेच राहिले. मग 1973 पासून रीत बदलली. घरोघर जाऊन 'देवीचा रोगी आहे काय' एवढे विचारावयाचे, सापडला की त्याच्या भोवतालच्या सर्वांस लस टोचावयाची, आणि खबर देणाऱ्यास बक्षीस. पहिल्याच शोधात बिहार व उत्तर प्रदेशात कागदावर होते त्याहून कितीतरी अधिक रोगी सापडले आणि राजकारणी मंडळी घाबरली. रोग वाढला नव्हता, दृष्टी वाढली होती. 1975 च्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ केवळ टोचण्याने जे झाले नाही, ते शोधून, मोजून टोचण्याने दोन वर्षांत झाले.

लुळेपणा आणणाऱ्या पोलिओचीही तीच कथा. त्या कामावरील माणसे घराच्या दारावर खडूने खूण करीत: सर्व मुलांस थेंब मिळाले तर एक, एखादे मूल राहून गेले तर फुलीची. आमच्या मते या सबंध मोहिमेतील सर्वांत हुशारीची गोष्ट ती फुली होय. राहिलेल्या घराची खूण करण्यास जो भीत नाही, तोच त्या घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. स्थानकांवर, धावत्या गाड्यांत, वीटभट्ट्यांवर थेंब पाजले गेले. मुंबईत तर 2001 पासून गटारातील पाणी तपासून विषाणूचा माग काढण्यात आला. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा येथे आढळलेला रोगी हिंदुस्थानातील शेवटचा ठरला, व 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. तेव्हा हे काम आम्हांस जमत नाही असे कोणी म्हणू नये. जमते, दोनदा जमले आहे. गोवराच्या बाबतीत मात्र 2023 पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचा संकल्प होता तो फसला, आणि मुदत 2026 पर्यंत वाढवावी लागली.

येथे कोणी म्हणेल की, लोकच लस घेत नाहीत त्यास सरकार काय करणार? एका विशिष्ट धर्माच्या वस्त्यांकडे बोट दाखवून हे बोलले जाते तेव्हा तर ते फार सोयीचे असते. अफवा होत्या, आहेत, हे खरे. 2022 च्या साथीत धर्मगुरूंनीही लस घेण्याविषयी आवाहन केले व त्याचा उपयोग झाला. पण अज्ञान झोपडीतच राहते असे नव्हे. लसीने मुलाची बुद्धी मंद होते असा जो विलायती गप्पांचा माल भ्रमणध्वनीवरून घरोघर पोचतो, त्याचे गिऱ्हाईक उंच इमारतींतून, इंग्रजी शिकलेलेच अधिक भेटते. ज्या 1998 च्या लेखावर ती गप्प उभी होती तो लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने 2010 साली मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र तितक्या वेगाने धावली नाही. उलट, झोपडीतील आईने एक मात्रा चुकविली त्याची कारणे विचारली तर ती बहुधा धर्माची नसतात. दवाखाना दुपारी बंद होतो. त्या दिवशी घरकामास गेले नाही तर रोजी बुडते. मागल्या वेळी टोचल्यावर पोरास ताप आला आणि तो येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, हे कोणी सांगितले नव्हते. असा ताप येईल एवढे वाक्य बोलण्यास पाऊण मिनिट लागते. ते न बोलल्यामुळे एक मूल वहीतून गळते.

परदेशचे उदाहरण द्यावयाचे तर 2025 साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात गोवराची मोठी साथ आली. 762 रोगी झाले, दोन शाळकरी मुले दगावली. तेथे लस नाकारणाऱ्यांचा हट्ट हे कारण होते. पण कोणत्या शाळामंडळात किती मुलांस लस मिळालेली नाही, हे आकडे तेथे साथीपूर्वीच प्रसिद्ध होते. वाटेल त्या नागरिकाने ते वाचावेत. त्यांची लस घेण्याची इच्छा कमी पडली. आमच्याकडे इच्छा पुष्कळ आहे, आकडाच कोठे सापडत नाही.

आता आम्ही ज्या गोष्टीकडे वकील या नात्याने विशेष लक्ष वेधू इच्छितो तिच्याकडे वळतो. गोरगरिबांच्या दारी वही घेऊन आलेल्या माणसाकडे ते संशयाने पाहतात. त्यांस दोष देता येईल काय? वही आली की झोपडी जाते, वही आली की कागदपत्रे मागितली जातात, हा त्यांचा अनुभव आहे. या प्रांताच्या स्मरणात तर याहून जुनी एक वही आहे. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पुण्यात प्लेगची झडती सुरू झाली ती गोऱ्या शिपायांकरवी: घरात बुटांनी शिरणे, देवघर उचकटणे, बायकामाणसांची तपासणी, सामानाची होळी. परिणाम काय? लोक रोगी लपवू लागले. तपासणी जितकी कडक, तितकी नोंद खोटी. 22 जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन 18 महिन्यांची शिक्षा झाली, आणि प्लेग तो प्लेगच राहिला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी वारल्या. एकीकडे बंदूक घेऊन रोगी शोधणारे सरकार आणि दुसरीकडे रोग्यास उचलून दवाखान्यात नेणारी बाई, ही दोन चित्रे एकाच वर्षातील आहेत. मोजणी कोणत्या हाताने करावी, हा प्रश्न त्या वर्षीच सुटला होता. आम्ही तो पुन्हा पुन्हा विसरतो.

1897 चा तो कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारास अधिकार आहेत, आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा आहे, अधिकाऱ्यांस संरक्षण आहे. सरकारावर कर्तव्य असे एकही नाही. साथ आल्याची खबर लोकांस द्यावी, आकडे प्रसिद्ध करावेत, कोणत्या वस्तीत किती मुले असुरक्षित आहेत हे सांगावे, यांपैकी काही त्यात नाही; असावयाचे कारणही नव्हते, कारण तो परक्यांनी रयतेवर चालविण्याकरिता केलेला कायदा होता. 2020 साली त्यास दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस कडक शासन व्हावे म्हणून. ती योग्यच होती. पण सव्वाशे वर्षांनंतरही, आणि स्वराज्यात पाऊणशे वर्षे काढल्यावरही, त्या कायद्यात रयतेच्या बाजूचे एक वाक्य पडू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

कोणते वाक्य पडावे ते आम्ही सांगतो. 1948 च्या शिरगणतीच्या कायद्यात 15 वे कलम आहे. शिरगणतीची वही कोणास पाहण्यास मिळणार नाही आणि ती न्यायालयात पुराव्यादाखल चालणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे गणती करणाऱ्यास तुम्ही खरे सांगितले तर त्याचा उपयोग तुमच्याविरुद्ध होणार नाही, हे सरकारने कायद्याने दिलेले वचन होय. तेच वचन लसीच्या वहीस द्यावे. आशा सेविकेच्या वहीतील नाव, पत्ता, खोली यांचा उपयोग झोपडी पाडण्यास, भाडे वसूल करण्यास, नागरिकत्वाची चौकशी करण्यास अथवा पोलिसांच्या कोणत्याही कामास करता येणार नाही, असे एक कलम घातले की दार उघडेल. आणि लस देताना कोणताही कागद मागू नये. मूल हाच पुरेसा दाखला आहे. सक्तीचा मार्ग आम्हांस मान्य नाही. कोणाच्या शरीरात बळजबरीने लस टोचता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी कोरोनाच्या लसीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्याच निकालात लसीनंतर झालेल्या अपायांची माहिती लोकांपुढे ठेवण्याविषयीही सरकारास सांगितले. आमच्या मते ही दोन्ही अंगे एकाच तत्त्वाची आहेत. लसीच्या फायद्याचे आकडे ज्याने मोठ्याने सांगावे, त्याने तिच्या क्वचित होणाऱ्या अपायाचे आकडे हळू आवाजात सांगू नयेत.

नाव गुप्त आणि आकडा उघड, असा हा व्यवहार आहे. आज बरोबर उलटे चालते: आकडा गुप्त, आणि ज्या घरी रोगी सापडला त्याचे नाव सर्व गल्लीस ठाऊक. प्रत्येक उपकेंद्राच्या व प्रभागातील दवाखान्याच्या दारावर एक काळा फळा असावा, आणि त्यावर दर महिन्यास चार आकडे खडूने लिहावेत. या हद्दीत पाच वर्षांखालील मुले किती. ती मोजली केव्हा. दोन्ही मात्रा मिळालेली किती. ताप व पुरळाचे रोगी या महिन्यात किती. 'मोजली केव्हा' हा रकाना कोणी गाळू नये. पुष्कळ अब्रू तेथेच उघडी पडेल. खासगी वैद्यांसही यातून सुटका नसावी. वस्तीतील मूल तापाने फणफणले की ते प्रथम सरकारी दवाखान्यात जात नाही, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाते, आणि तेथे ते औषध घेऊन परत येते. खबर तेथेच राहते. क्षयाचा रोगी कळविणे 2012 पासून खासगी वैद्यांवर बंधनकारक आहे. ताप व पुरळाचा रोगी त्याच दिवशी कळविण्याचे बंधन तितक्याच स्पष्टपणे असावे, आणि कळविणाऱ्यास चार दिवसांत उत्तरही जावे की तुमच्या रोग्याच्या तपासणीचा निकाल असा असा आला. उत्तर न देणाऱ्या कचेरीस दुसऱ्यांदा कोणी पत्र लिहीत नाही.

आणखी एक. ज्या तालुक्यात अधिक रोगी सापडतील तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यास जाब विचारण्याची जी पद्धत आहे ती बंद व्हावी. शोधणाऱ्यास शिक्षा आणि न शोधणाऱ्यास शाबासकी असा न्याय असल्यावर कोण शोधील? जाब विचारावयाचा तर मूल दगावेपर्यंत ज्याच्या तक्त्यात शून्य होते त्यास विचारावा. आशा सेविकांच्या मानधनाचा प्रश्नही याच वहीशी बांधलेला आहे; ज्या बाईने हजार माणसांची नोंद ठेवावी, तिला कामागणिक मोबदल्याचे तुकडे फेकावेत आणि मग नोंद बिनचूक असावी अशी अपेक्षा करावी, हे न्यायाचे नाही. त्याविषयी स्वतंत्र लिहू.

2022 च्या साथीत मुंबई पालिकेत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. मार्चपासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे आपल्या प्रभागात किती मुले लसीवाचून आहेत हे सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते, असे म्हणता येईल. पण जेथे नगरसेवक आहेत, ग्रामपंचायती आहेत, तेथे तरी हा प्रश्न कितीदा विचारला गेला? गटार आणि दिवाबत्ती यांवर तास तास खर्ची पडतात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत लसीच्या वहीचे वाचन हा विषय घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. सरपंचाची इच्छा पुरे.

आम्ही आमच्यापुरते एवढे ठरविले आहे. ज्या ग्रामपंचायतीकडून अगर प्रभागातून वरील चार आकडे आमच्याकडे येतील, ते आकडे चांगले असोत वा वाईट, आम्ही दर सोमवारी बाजारभावाच्या शेजारच्या स्तंभात विनामूल्य छापू. पहिला स्तंभ येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघेल. ज्यांचे आकडे येणार नाहीत त्यांच्या नावापुढे जागा कोरी ठेवण्यात येईल.